दहावं वाक्य

नायगावच्या पुलावर रिक्षा चढत होती तेव्हा आमचे हे मला काहीतरी म्हणाले आणि ते मला ऐकू आलं नाही. पुढे ट्रक, मागे टेम्पो, शिवाय रिक्षाचाच आवाज कानात बसलेला. "काय म्हणालात?" मी विचारलं. यांचे ओठ पुन्हा हलले, आवाज नाहीच. मग माझं डोकं फिरलं. "बोलायचं असेल तर मोठ्याने बोला, नाहीतर बोलूच नका," असं म्हणून मी तोंड बाहेर वळवलं आणि मिठागरांकडे बघत बसले. घरी पोचलो, पाय धुतले, देवाला दिवा लावला, जेवलो आणि एकमेकांशी एक अक्षर न बोलता झोपलो. तो अबोला आठ महिने चालला.

पुलावर हे काय म्हणाले होते, ते कळायला मला दोन वर्षं लागली. तेवढंच सांगायला मी लिहायला बसले आहे.

आम्ही होळीचे. सण नव्हे, गाव. वसईत राहायला येणाऱ्या नव्या माणसाला हे एकदा सांगावंच लागतं. पिढ्यान्‌पिढ्या वाडीवाले. केळी, अळू, थोडा मोगरा आणि सोनचाफ्याची चौदा झाडं. आमची वाडी रुंदीला कमी आणि लांबीला जास्त आहे. घर रस्त्याच्या अंगाला आणि चाफा पार मागे, बावखलाच्या काठाला. बावखल म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं, आमची सगळी शेती त्याच्यावर. हे सकाळी आकडीची काठी घेऊन फुलं काढायला जायचे आणि काम उरकत आलं की तिथूनच हाक मारायचे, "अगंऽऽ, चहाऽऽ." हाक अशी की शेजारची म्हातारी त्या हाकेवर स्वतःचाही चहा टाकायची. लग्नाला चाळीस वर्षं होऊन गेली, यांनी मला नावाने कधी हाक मारली नाही. अगं हेच माझं नाव. पाहुण्यांदेखत मी चिडायचे, "जरा हळू, मी काय पालघरला राहते?" यावर हे आणखी मोठ्याने हसायचे. हसणंही तसलंच, दोन घरं सोडून ऐकू जाणारं.

माझं माहेर जूचंद्र. जूचंद्राच्या माणसांचा हात रांगोळीत चालतो, पण माझी जीभच चालते, असं हे म्हणायचे. खोटं कशाला बोलू, आहेच मी तिखट. नाकावर राग. पण माझा राग येतो तसा जातो. यांना राग येत नाही आणि आला की जात नाही, असा माझा समज होता. तो समजच मला नडला.

त्या दिवशी आम्ही जूचंद्राहूनच येत होतो, भाचीच्या लग्नाहून. माझ्या धाकट्या भावाची एकुलती एक मुलगी. भावाने कशात काही कमी केलं नव्हतं. मांडवात यांना पुढची खुर्ची, डोक्याला फेटा, सगळं. आणि हे लग्नभर असे बसले होते की जणू कुणी यांना बांधून आणलंय. तोंडावरची रेघ हलली नाही. फोटोवाला म्हणतोय, "काका, जरा स्माइल," भाऊ म्हणतोय, "हसा की दाजी," आणि हे आपले समोर बघतायत. तरी मी तेवढं गिळलं असतं. पण भावाने मानाचा नारळ पुढे केला, तो यांनी डाव्या हाताने घेतला. उजवा हात पँटच्या खिशात. चारचौघांत, सगळ्या भाऊबंदांसमोर, बहिणीच्या नवऱ्याने मानाचा नारळ डाव्या हाताने घ्यायचा. भावाचा चेहरा उतरलेला मी बघितला. निघताना तो रिक्षापर्यंत आला आणि मला हळूच म्हणाला, "ताई, आमच्याकडून काही चुकलं का? दाजींचं काय बिनसलंय?" मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं.

म्हणून पुलावर माझं डोकं फिरलं.

अबोला म्हणजे काय ते ज्यांच्या घरात झालाय त्यांनाच माहीत. भांडण असलं तर घरात निदान आवाज असतो. अबोल्यात सगळी कामं होतात, वेळच्या वेळी चहा होतो, जेवण होतं, फुलं निघतात, पुड्या बांधल्या जातात, फक्त माणूस माणसाकडे बघत नाही. निरोप द्यायचा तर मधे कुणीतरी लागतं. आमच्याकडे सून होती. ती मूळची कोकणातली, विरारच्या फ्लॅटमध्ये वाढलेली, गोखिवऱ्याला एका कारखान्याच्या ऑफिसात नोकरी करते. मुलगा बोटीवर असतो, सहा सहा महिने येत नाही, म्हणजे घरात आम्ही तिघंच. "बाबांना सांग, पान वाढलंय." बाबा तीन हातांवर बसलेले. बिचारी सांगायची. ती कामावर गेली की मी भिंतीला सांगायचे. "भिंतीबाई, गॅस संपलाय, कुणाला नंबर लावायचा असेल तर लावा." असला पोरकटपणा साठीतल्या बाईने करू नये, पण मी केला, आणि मनातल्या मनात वाट बघायचे की हे एकदा तरी हसतील. पूर्वी अशा वेळी हेच आधी हसायचे आणि संपायचं सगळं. या वेळी हे भिंतीसारखेच बसून राहिले.

यांना काही सांगायचं असलं तर हे कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहून ठेवायचे. "मोटर दुरुस्तीला." "अळूवाला उद्या." सुरुवातीला अक्षर ठीक होतं. मग ते बारीक होत गेलं. ओळीची सुरुवात दिसायची, शेवटाला मुंग्या. मला वाचायला चष्मा लावून खिडकीशी जावं लागायचं. मी म्हटलं, काय हा माणूस. बोलणं आखडतं घेतलंच होतं, आता अक्षरही आखडतं घेतलं. वाडीतून येणारी हाक तर कधीच बंद झाली होती. आकडी भिंतीला टेकवून हे गुपचूप येऊन पायरीवर बसायचे. शेजारच्या म्हातारीने एकदा मला विचारलंसुद्धा, "तुझा घरवाला गावाला गेलाय काय?"

पाचव्या महिन्यात मीच नमले. माझ्या मानाने फार झालं ते. लग्न झालं त्या पहिल्या वर्षी मी रोज ओंजळभर चाफा यांच्या उशाशी ठेवायचे. सासूबाई ओरडायच्या, विकायची फुलं उशाशी घालते म्हणून. तशीच एका संध्याकाळी मी चाफ्याची ओंजळ यांच्या उशीला लावून ठेवली आणि दाराआड थांबले. खोलीभर वास. हे आले, फुलं जरा बाजूला सारली, उशी सरळ केली आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. वळूनही बघितलं नाही. त्या दिवशी मी स्वयंपाकघरात बसून रडले आणि ठरवलं, आता मेले तरी बोलणार नाही.

वास येणं यांचं केव्हाच बंद झालं होतं. चाफ्यात जन्म काढलेल्या माणसाला चाफा कळत नव्हता. ते मला कुणी सांगितलं नव्हतं आणि सांगणार कोण, बोलणंच नव्हतं.

सुनेनेच शेवटी तोंड उघडलं. एका रविवारी भाजी निवडता निवडता म्हणाली, "आई, बाबा रागावलेत असं मला नाही वाटत. त्यांना शर्टाची बटणं लावता येत नाहीत. रोज सकाळी माझ्याकडे येतात, मी लावून देते."

"मला का नाही सांगितलं त्यांनी?"

"तुम्ही बोलत नाही ना त्यांच्याशी," ती म्हणाली. तिने ते टोमण्याने म्हटलं नव्हतं, साधंच म्हटलं होतं. माझ्या हातातली मेथी तशीच राहिली. चाळीस वर्षं संसार केलेला नवरा बटण लावून घ्यायला सुनेसमोर उभा राहतो आणि मी पलीकडच्या खोलीत भिंतीशी बोलते. लाज वाटली मला. आजही वाटते.

त्याच आठवड्यात सुनेने वेळ घेतली आणि मी यांना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी यांना खोलीत चालायला लावलं, बोटावर बोट आपटायला लावलं, कागदावर एक ओळ लिहायला सांगितली. ओळ मुंग्यांच्या दिशेने गेली. मग मला विचारलं, "चेहरा असा कधीपासून आहे?"

मी म्हटलं, "तो राग आहे डॉक्टर. भाचीच्या लग्नापासून."

"कुणावरचा राग?"

"माझ्यावरचा."

डॉक्टर यांच्याकडे वळले. "काका, तुम्ही काकूंवर रागावलाय का?" यांनी मान हलवली. नाही. एवढंच. आठ महिन्यांत मी हा साधा प्रश्न विचारला नव्हता.

मग त्यांनी पार्किन्सन हा शब्द सांगितला. हात थरथरतो तेवढंच मला ऐकून माहीत होतं. हात तर यांचा फारसा थरथरत नाही, मी म्हटलं. हळूच यांचा उजवा हात खिशातून बाहेर आला आणि टेबलावर ठेवला गेला. अंगठा आणि बोट एकमेकांवर घासत होती, आपण जपाची माळ ओढतो तशी. लग्नातही तो तसाच चालला असणार. म्हणून तो खिशात होता, म्हणून नारळ डाव्या हाताने. डॉक्टर सांगत होते, की चेहऱ्याचे स्नायू आखडतात, माणूस आतून हसतो आणि बाहेर काही दिसत नाही. आवाज खाली जातो आणि त्याला स्वतःला वाटतं आपण नेहमीसारखंच बोलतोय. अक्षर बारीक होतं. वास जातो, तो तर सगळ्यात आधी. एकेक ऐकताना मला माझा एकेक गुन्हा वाचून दाखवतायत असं वाटत होतं.

घरी येताना पुन्हा रिक्षाच होती. मी यांच्या उजव्या बाजूला बसले, तो हात माझ्या हातात घेतला आणि अबोल्यानंतरचं पहिलं वाक्य बोलले. "त्या दिवशी पुलावर तुम्ही काय म्हणाला होतात?"

यांनी हात काढून घेतला नाही. मग मला ऐकू येईल इतपत म्हणाले, "आठवत नाही."

मी पिच्छा सोडला नाही. पुढच्या दीड वर्षात किती वेळा विचारलं असेल देव जाणे. माझी खात्री होती की हे मला काहीतरी लागट बोलले असणार. "तुझ्या माहेरचं मला काही सांगू नकोस," असं काहीतरी. तसं असतं तर बरं झालं असतं. भांडण दोघांचं झालं असतं. पण विचारलं की हे एकच म्हणायचे, "आठवत नाही गं."

आता घर घड्याळावर चालतं. गोळी सकाळी सहाला, मग साडेदहाला, असं दिवसभर. जेवणाआधी अर्धा तास. डाळ, मासे, अंडी यांच्यासोबत घेतली तर गोळी नीट चढत नाही, हे मी चुका करून शिकले. आमच्याकडे दुपारी मासळीशिवाय पानावर बसायची कुणाला सवय नाही. एकदा मुशी छान मिळाली म्हणून दुपारी पोटभर वाढली, आणि तीन वाजता हे मोरीच्या दारात उभे ते उभेच. पाय जमिनीला खिळलेले. मी मागून ढकलायला गेले, तर हे पुढे पडता पडता वाचले. तेव्हापासून मासळी रात्रीला. गोळी चढलेली असते तेव्हा हे बऱ्यापैकी माणसांत असतात. ती उतरायला लागली की मला आधी यांच्या पायाच्या अंगठ्यावरून कळतं, तो वर उचलला जातो. मग मी घड्याळ बघते. दुखणं हत्तीच्या पायाने येतं आणि मुंगीच्या पायाने जातं म्हणतात. हे मुंगीच्याच पायाने आलं, आणि जायचं तर नावच नाही.

गंमत म्हणजे वाडीत हे अडत नसत. वाफ्यांच्या कडेने, पाण्याचा पाट ओलांडत सरळ चालत जायचे. अडायचे ते घरात, गुळगुळीत लादीवर, दारात. डॉक्टरांना हे सांगितल्यावर ते म्हणाले, पायासमोर ओलांडायला काहीतरी द्या. ते मी फोनवर भावाला सांगितलं. खरं तर भावाला मी सगळंच सांगितलं होतं, नारळाचंसुद्धा. दुसऱ्या दिवशी तो जूचंद्राहून पांढरा ऑइल पेंट घेऊन आला. ज्या हाताने तो देवळासमोर एवढाल्या रांगोळ्या काढतो त्याच हाताने गुडघ्यावर बसून त्याने खोलीपासून मोरीपर्यंत एकेका पावलावर आडव्या रेघा मारल्या. दोरी नाही, पट्टी नाही, एक रेघ वाकडी नाही. वाळल्यावर यांना हाताला धरून म्हणाला, "दाजी, पाट ओलांडा." हे एक एक रेघ ओलांडत मोरीपर्यंत गेले. भाऊ तोंड फिरवून ब्रश धूत बसला. निघताना त्याने यांना नारळ दिला आणि यांचा डावा हात स्वतःच पुढे घेऊन त्यात ठेवला. घरात सगळीकडे त्या रेघा आहेत. येणारे जाणारे विचारतात, आम्ही सांगतो.

चालणं असं मार्गी लावलं. आवाज मात्र हातातून सुटत चालला होता. भिंतीकडे तोंड करून हे काही बोलले तर भिंतीलाही कळत नसेल. फोनवर मुलगा म्हणायचा, "आई, बाबांना फोन दे ना," आणि बाबा त्याच्याशीच बोलत असायचे. मला कसली धास्ती बसली होती ते सांगते. ज्या वर्षी यांचा आवाज बरा होता, त्या वर्षातले आठ महिने मी अबोल्यात घालवले होते. उरलेला जायच्या आत पुलावरचं ते वाक्य मला हवं होतं. म्हातारपणी माणसाला कशाचं वेड लागेल सांगता येत नाही, मला त्याचं लागलं.

डॉक्टरांनी आम्हाला वसईतच एका स्पीच थेरपिस्ट मुलीकडे पाठवलं. लहानखुरी, मराठीत निम्मं हिंदी घालून बोलणारी, पण तिच्या पोटात केवढा आवाज. तिने यांना आधी नुसतं "आऽऽ" करायला लावलं, दम संपेपर्यंत, जेवढं मोठ्याने जमेल तेवढं. "काका, तुम्हाला वाटलं पाहिजे की मी ओरडतोय, तेव्हा बाकीच्यांना नॉर्मल वाटेल." घरी रोज सकाळी साडेसातला, गोळी चढलेली असताना, आमचं आऽऽ सुरू झालं. पहिल्या दिवशी शेजारचा कुत्रा उठून भुंकायला लागला. दुसऱ्या दिवशी म्हातारी कुंपणाशी आली, "भांडताय काय गं सकाळी सकाळी?" आठ महिने आम्ही खरोखर भांडत होतो तेव्हा तिला पत्ता नव्हता. मला हसू फुटलं. हेही हसत होते. चेहरा तसाच, पण खांदे हलत होते. तेव्हापासून मी यांच्या चेहऱ्याकडे बघायचं सोडलं, खांद्यांकडे बघते.

मग त्या मुलीने गृहपाठ दिला. रोज घरात बोलायला लागतात अशी दहा वाक्यं लिहून आणा, आपण तीच मोठ्याने म्हणायची प्रॅक्टिस करू. उगाच पुस्तकातली नकोत, स्वतःची पाहिजेत. मी वही घेऊन यांच्यासमोर बसले. हे सांगत गेले, मी लिहीत गेले. चहा टाक. मोटर बंद कर. गोळीची वेळ झाली का. खिडकी उघड. कोण आलंय. मला उठव. चष्मा कुठाय. आज फुलं किती निघाली. जेवलीस का.

"नऊ झाली," मी म्हटलं. "चाळीस वर्षांच्या संसारात एवढंच बोलता माझ्याशी?"

यांचे खांदे हलले. "तू बोलू देतेस कुठे?"

"दहावं सांगा."

"असू दे. आठवलं की लिहीन," हे म्हणाले, आणि वही मागून घेतली.

पुढच्या वेळी त्या मुलीच्या टेबलावर वही उघडली तर दहावी ओळ भरलेली होती. यांचं अक्षर. माझ्या नऊ ओळींच्या खाली मुंग्यांची एक रांग. कधी लिहिली मला माहीत नव्हतं. त्या मुलीने वही डोळ्यांजवळ नेली आणि अडखळत वाचलं, "मला... काहीतरी... होतंय गं."

"हे काय?" मी म्हटलं. "हे कुठे तुम्ही रोज म्हणता?"

हे माझ्याकडे वळले. मान वळवायला आता वेळ लागतो, तेवढा वेळ लागला. शिकवल्याप्रमाणे पोटातून दम घेऊन, मोठ्याने, एकेक शब्द सुटा करत म्हणाले, "एकदा म्हणालो होतो. पुलावर. तुला ऐकू गेलं नाही."

त्या मुलीला यातलं काय कळणार. ती म्हणाली, "व्हेरी गुड काका, हे तर इमर्जन्सीला लागेल. हेच सगळ्यात मोठ्याने बोलायचं." आणि यांनी ते तिथेच पाच वेळा म्हटलं. मला काहीतरी होतंय गं. मला काहीतरी होतंय गं. मी शेजारच्या खुर्चीवर बसून पाचही वेळा ऐकलं. रिक्षातला तो माणूस घाबरलेला होता. उजवा हात आपल्याला न विचारता हलतोय, तोंड आपलं ऐकत नाही, चारचौघांत खिशात हात कोंबून दिवस काढलाय, आणि सगळ्यांपासून दूर रिक्षात बसल्यावर त्याने ते पहिल्यांदा कुणाला सांगितलं तर मला. दोनदा सांगितलं. आणि मी त्याला म्हटलं, बोलूच नका.

जिन्यात मला पुढे पायरी दिसेना. मी तिथेच बसले आणि रडले. हे कठड्याला धरून माझ्या शेजारी उभे. लग्न झाल्यापासून मी कुणाची माफी मागितलेली नाही, यांची तर नाहीच. मी म्हटलं, "माझं चुकलं हो. फार चुकलं."

"तुझं डोकं फिरलं होतं," हे म्हणाले. "त्यात नवीन काय."

"आठवत होतं तर आठवत नाही का म्हणालात? दीड वर्ष विचारत होते मी."

"तुला लागलं असतं."

"मग आता का?"

यांनी कठडा आणखी घट्ट धरला. मला वाटलं गोळी उतरली. पण हे दम गोळा करत होते. "आवाज चाललाय," हे म्हणाले. "पुढे सांगायचं म्हटलं तरी जमणार नाही. तू विचारत बसशील जन्मभर."

त्यालाही आता वर्ष होत आलं. चाफ्याची फुलं आता एक बाई येऊन काढते, मी पुड्या बांधते. हे पायरीवर ऊन खात बसतात. मधे एकदा न्यूमोनिया होऊन गेला, त्यात आवाज आणखी खाली गेला तो वर आलाच नाही. जेवताना घास अडकतो म्हणून हनुवटी खाली धरायला शिकवलंय. ती मुलगी म्हणाली, जेवढा आहे तेवढा टिकवू या, काकू, रोजची वाक्यं बंद करू नका. म्हणून रोज साडेसातला आम्ही समोरासमोर बसतो. कुत्रा आता भुंकत नाही. म्हातारी कुंपणाशी येत नाही, तिला काही ऐकूच जात नाही.

नियम असा ठरलाय की यांनी वाक्य म्हणायचं आणि मी उत्तर द्यायचं. चहा टाक, टाकते. कोण आलंय, कुणी नाही. जेवलीस का, अजून नाही, तुमच्याबरोबर जेवेन. दहाव्याला मी विचारते, "काय होतंय?" यावर हे काहीतरी थट्टा करायचे. "चहा गार होतोय." "तुझ्या माहेरची आठवण होतेय." एकदा म्हणाले, "काही नाही, व्यायाम होतोय." आम्ही दोघंही हसलो, मी तोंडाने, हे खांद्यांनी.

परवा नऊ वाक्यं झाली. म्हणजे झाली म्हणायची, पाचव्यापासूनच नुसता वारा येत होता. दहाव्याला यांनी दम घेतला. ओठ हलले, आवाज नाहीच. पुन्हा दम घेतला, पुन्हा ओठ हलले. खांदे हलत नव्हते. हे माझ्याकडे बघत होते, आणि थट्टा नव्हती ती.

मी खुर्ची पुढे ओढली, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी. तो हलणारा हात दोन्ही हातांत धरला.

"ऐकलं हो," मी म्हटलं. "सांगा, काय होतंय?"